दोरा बांधलेलं प्यादं

नावं घालायची नाहीत, ही बाबांची अट आहे. मला घालायची होती. माईक हातात धरून हसणाऱ्यापासून पहिल्या रांगेत टाळ्या पिटणाऱ्यांपर्यंत एकेकाचं नाव, आडनाव, आळी लिहायची होती. बाबा म्हणाले, "नाव घालू नको. नाय तर लिवूच नको." म्हणून या लेखात माणसं आहेत, त्यांची नावं नाहीत. राग मात्र आहे तसा आहे. त्याबद्दल बाबांनी काही अट घातलेली नाही.

मी पेणला राहते आणि तिथल्याच एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. माहेर रोह्याचं. बाबा जवळच्याच धाटावच्या एका केमिकल कंपनीत तिन्ही शिफ्ट करून रिटायर झाले. आई गेल्यावर मी त्यांना पेणला चला म्हटलं, तर म्हणाले, "तिकडं खेळू कोणाशी? तुमच्याकडं सगळी गणपतीच्या रंगात बुडालेली." त्यांचं अगदीच खोटं नाही. माझं सासर मूर्तीच्या कारखान्याचं, आणि मे महिना लागला की आमच्या घरात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. बाबांना रोज संध्याकाळी पाच वाजता रोह्याच्या वाचनालयाच्या पडवीत एक पट आणि पटाच्या पलीकडे एक माणूस लागतो. बाकी त्यांची काही मागणी नाही. त्यामुळे रविवारी मीच रोह्याची गाडी धरते.

आमच्याकडचं बुद्धिबळ शाळेत शिकवतात ते नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. आमच्याकडे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. राजाला किल्लेकोट नाही, त्याऐवजी डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मात कशाने केली याला किंमत आहे. वजिराने केली तर ठीक, जिंकलात, घरी जा. प्याद्याने केली तर बघणारे उठून उभे राहतात. आणि एखाद्याला फारच रग असली तर तो ऐन डावात आपलं एक प्यादं उचलतो, त्याच्या गळ्यात दोरा बांधतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो. म्हणजे सगळ्यांदेखत सांगतो, की आता मात करीन ती याच प्याद्याने. एकदा दोरा बांधला की दुसऱ्या कुठल्याही मोहऱ्याने मात करायची नाही, समोरचा राजा कितीही उघडा पडलेला असो. आणि ते प्यादं मेलं किंवा अडकून बसलं, तर दोरा बांधणारा हरला.

बाबांनी आयुष्यात एकदाच दोरा बांधला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. समोर होते चाचा. चाचा म्हणजे नदीपलीकडे अष्टमीत राहणारे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. दुसऱ्या दिवशी ते नोकरीसाठी कुवेतला निघायचे होते, परत कधी येतील ते त्यांनाही माहीत नव्हतं, म्हणून हा निरोपाचा डाव. बाबांचा वजीर चाचांच्या राजाच्या दारात जाऊन उभा होता, दोन चालींत मात होती आणि ती पडवीतल्या प्रत्येकाला दिसत होती. तेव्हा बाबा उठले, समोरच्या फुलवालीकडून गजऱ्याचा दोरा मागून आणला आणि हत्तीसमोरच्या प्याद्याला बांधला. पुढच्या नऊ चालींत त्याच प्याद्याने मात केली. चाचांनी पट ओलांडून बाबांना मिठी मारली. दुसऱ्या दिवशी ते गेले, ते तीस वर्षांनी कायमचे परत आले.

हा डाव वाचनालयाच्या वहीत आहे. पडवीतल्या चांगल्या डावांची एक जाड बांधीव वही आहे, तिच्यात तेव्हाच्या ग्रंथपालांनी सुंदर अक्षरात एकेक चाल लिहून ठेवली. वजिराचा घोडा अमुक घरात, राजाचा उंट तमुक घरात, असं शेवटच्या मातेपर्यंत. फक्त दोऱ्याबद्दल त्यांनी एक अक्षरही लिहिलं नाही. कारण दोरा काय लिहायचा? तो तर सगळ्यांनी बघितला होता. लग्नाच्या आहेराच्या वहीत 'नवरामुलगा हजर होता' असं कोणी लिहितं का? तसंच ते. आमच्या माणसांची ही खोड आहे. जे सगळ्यांना माहीत असतं ते कागदावर येत नाही, आणि माहीत असणारी माणसं एक दिवस संपतात.

दोन-तीन वर्षांपूर्वी वाचनालयाचा वार्षिक सोहळा होता, अंगणात मांडव घालून. विश्वस्तांपैकी एकाचा पुतण्या पुण्याला मोठ्या पगारावर इंजिनिअर आहे. त्याला बोलावलं होतं 'बुद्धिबळ आणि नवं तंत्रज्ञान' या विषयावर बोलायला. चाचा नातीच्या लग्नाला पनवेलला गेले होते. मी बाबांच्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसले होते. इंजिनिअरने प्रोजेक्टर लावला आणि सांगितलं, की आज जगज्जेत्या माणसालाही हरवेल असं इंजिन आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि आपण गंमत म्हणून वाचनालयाच्या वहीतले जुने डाव त्याला दाखवू या.

पहिलाच डाव बाबांचा काढला. बाबा सावरून बसले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, ते मला अजून दिसतं.

पडद्यावर पट आला. बाजूला एक पांढरी-काळी पट्टी, ज्याची बाजू वरचढ त्याचा रंग वर चढणार. चाली पुढे सरकत गेल्या, पांढरी पट्टी वर वर गेली. बाबा पांढरे. आणि मग दोऱ्याची चाल आली. प्यादं एक घर पुढे. पट्टी धाडकन खाली आली आणि प्याद्यावर लाल खूण उमटली, दोन प्रश्नचिन्हांची.

"ब्लंडर!" इंजिनिअर माईकमध्ये म्हणाला. "बघा, काकांच्या हातात वजिराने दोन चालींत मात होती. शाळेतल्या मुलालाही दिसली असती. काकांनी ती सोडून प्यादं ढकललं!"

मांडव हसला. मनापासून हसला. पहिल्या रांगेतल्या एकाने तर टाळीसाठी शेजाऱ्यापुढे हात केला.

"दोरा होता," बाबा म्हणाले. बसल्या जागेवरून, हळू आवाजात.

इंजिनिअर वाकून म्हणाला, "असेल काका. पण इंजिन चुकत नाही ना." आणि पुढचा डाव काढला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठत होते, बाबांनी माझा हात धरून खाली बसवलं. "कार्यक्रम हाय गो. लोकांचा इरस नको." लोकांचा विरस! लोक त्यांना हसत होते आणि यांना लोकांच्या विरसाची काळजी.

त्या वेळी मला काय काय बोलायचं होतं ते मी परतीच्या गाडीत कासू स्टेशन येईपर्यंत मनातल्या मनात बोलत होते. अरे, इंजिन चुकत नाही म्हणजे काय? इंजिन म्हणजे शेवटी काय असतं ते मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. ते चाल बघतं, मग त्यावरची उलट चाल, मग त्यावरची, असं झाड पसरत खोलखोल जातं आणि शेवटी फांदीच्या टोकाला पोचलं की तिथला पट वजनाला लावतं. जुन्या इंजिनांत ही वजनं माणसाने बसवलेली असत, प्याद्याचे शंभर, घोड्याचे तीनशे, हत्तीचे पाचशे, वजिराचे नऊशे. आताच्या इंजिनांत असंख्य डाव खेळवून तयार केलेलं आकड्यांचं जाळं असतं, पण काम तेच. ज्या नियमांचा खेळ त्याला शिकवला त्याच खेळाची ते वजनं सांगणार. दोऱ्याचा खेळ त्याला कोणी शिकवलाच नव्हता. आणि योगायोग असा, की त्या डावात दोघांच्याही राजाने उडी घेतली नव्हती, त्यामुळे एकही चाल त्याला नियमाबाहेरची वाटली नाही. एक जरी वाटली असती, तर मशीन अडखळलं असतं आणि कोणीतरी विचारलं असतं, की हा खेळ कुठला आहे.

पण कोणी विचारलं नाही. आठवड्याभरात बाजारात बाबांना विचारू लागले, "काय काका, आज वजीर की प्यादं?" भाजीवालासुद्धा. बाबा हसून पुढे जायचे. मग त्यांचं पाच वाजता निघणं साडेपाचवर गेलं, मग एक दिवसाआड झालं. एका रविवारी मी गेले तर पटाची पेटी कपाटावर, जुन्या पंख्याच्या मागे ठेवलेली. त्यातला एक उंट हरवला होता तेव्हा आमच्या कारखान्यातल्या कारागिराने शाडूचा नवा करून दिला होता, इतकं त्या पेटीचं कौतुक. मी विचारलं, तर म्हणाले, "गुडघं दुखतात पडवीत बसून." पडवीत खुर्च्या आहेत.

पटाशिवाय माझा बाप सहा महिन्यांत म्हातारा झाला. बोलणं कमी, जेवण अर्धं, दुपारभर आढ्याकडे बघत पडून राहायचं. लोकांना वाटलं वय झालं. वय नव्हतं झालं. त्यांची एक गोष्ट होती आयुष्यात, कंपनीतल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्याला कोणी विचारलं नाही अशा माणसाची एक गोष्ट, आणि ती भर मांडवात लाल खूण मारून काढून घेतली होती.

ती मी परत आणून देणार, असं मी ठरवलं. दोऱ्याचा खेळ समजणारं इंजिन मी स्वतः लिहिणार, आणि ज्या मांडवात हसले त्याच मांडवात दाखवणार.

बुद्धिबळाची इंजिनं जगभरची माणसं हौसेने लिहितात आणि त्यांचा कोड सगळ्यांना वाचायला उघडा ठेवतात. त्यातलं एक साधंसं घेऊन मी ते उसवायला बसले. आकड्यांचं जाळं काढून टाकलं, ते आमच्या खेळाला काय कामाचं? जुन्या पद्धतीची वजनं ठेवली. प्यादं एकच घर, राजाला एक उडी, हे दोन दिवसांत झालं. दोऱ्याने मात्र मला रडवलं.

पहिल्यांदा मी साधं सांगितलं, की दोऱ्याचं प्यादं मेलं तर डाव गेला. झालं, इंजिनाने ते प्यादं राजापेक्षा जास्त जपायला सुरुवात केली. चारी बाजूंनी घोडे, हत्ती उभे केले आणि प्यादं जागचं हलवेना. शंभर चाली झाल्या तरी हलवेना. मी बाबांना फोन केला. आधी ते "सोड ना गो ता" म्हणाले. पण मी नुसतं काय झालं ते सांगितलं, तर पलीकडून चक्क हसणं ऐकू आलं.

"घाबरला तो," बाबा म्हणाले. "दोरा बांधला का पहिली भीतीच वाटते. वाटतं, नको हलवायला. त्याला सांग, नुसतं वाचवलंस तरी हरलासच. मात केलीस तरच जिंकलास."

ते मी घातलं. न हलवणं म्हणजेही हार. त्यानंतर इंजिन प्यादं घेऊन असं सुसाट सुटलं, की प्यादं दर वेळी चौथ्या चालीला मेलं. पुन्हा फोन. पुन्हा हसणं. असे ते फोन वाढत गेले. बाबांना विचारायला माझ्याकडे रोज काहीतरी असायचं. दोरा बांधल्यावर समोरच्याने प्यादंच समोर आणून अडवलं तर? दोरा बांधलेलं प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं तर दोरा राहतो का? यावर ते अर्धा तास बोलले, आणि शेवटी म्हणाले, की असं कधी झालंच नाही, पण झालंच तर दोरा वजिराच्या गळ्यात शोभायचा नाही. मी तसं लिहिलं. रविवारी गेले तेव्हा पेटी कपाटावरून खाली आली होती. पडवीत जात नव्हते, पण घरात एकटे पट मांडून बसत होते.

तिथेच थांबायला हवं होतं मी. हे आता कळतं. पेटी खाली आली होती, बाप हसत होता, आणखी काय पाहिजे होतं? पण मला तो मांडव पाहिजे होता.

मेच्या सुट्टीत कॉलेजची लॅब रिकामी होती. तिथे मी वहीतला डाव माझ्या इंजिनाला दिला, दोऱ्याची चाल येताच दोरा बांधला आणि विचारलं, आता सांग. ते खोल खोल उतरत गेलं. मध्ये एकदा वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दुपारी चारच्या सुमाराला यादी आली, आणि यादीत सगळ्यात वर बाबांची चाल होती. लाल खूण मारलेली तीच. दोरा बांधल्यावर त्या पटावर त्याहून चांगली चाल नव्हती. मी लॅबमध्ये एकटी मोठ्याने रडले. शिपाई मामा घाबरून पाणी घेऊन आले.

त्याच यादीत खाली आणखी एक ओळ होती. बाबांच्या त्या चालीवर चाचांना एकच वाचवणारं उत्तर होतं. त्यांनी डावीकडचा उंट एक घर मागे घेतला असता तर प्याद्याची वाट बंद झाली असती आणि बाबा हरले असते. चाचांनी उंट नाही, हत्ती हलवला. ती ओळ मी वाचली. वाचली आणि बाजूला सारली. माझ्या डोक्यात त्या दिवशी चाचा नव्हतेच.

विश्वस्तांनी आढेवेढे घेतले. "झालं गेलं," "एवढं काय मनावर घ्यायचं," "गंमत होती ती." मी म्हटलं, गंमत तुमच्या वडिलांची झाली असती तर? शेवटी पुढच्या सोहळ्यात वीस मिनिटं मिळाली. तो इंजिनिअरही आला होता. आणि या वेळी चाचाही आले होते, पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, बाबांच्या शेजारी. बाबांना मी ओढूनच आणलं होतं. येताना रिक्षात एकदाच म्हणाले, "काय गरज हाय गो?" मी लॅपटॉपची पिशवी सावरली.

मी बोलले. माझ्या शिकवण्याच्या आवाजात, न अडखळता. खेळाचे नियम सांगितले, वहीत काय लिहायचं राहून गेलं ते सांगितलं, एका पांढऱ्या प्याद्याला गजऱ्याचा दोरा बांधून ते वर धरून दाखवलं. मग म्हटलं, "मागच्या वेळी ज्या मशीनने सांगितलं ते हा खेळ खेळतच नव्हतं. आता खेळणाऱ्या मशीनला विचारू." पडद्यावर यादी आली. सगळ्यात वर बाबांची चाल, हिरव्या रंगात. हिरवा रंग मी मुद्दाम दिला होता.

मग मागून टाळ्या सुरू झाल्या. म्हातारी मंडळी उभी राहिली. इंजिनिअर उठला, स्टेजवर आला आणि म्हणाला, "मॅडम, मी चुकलो. काका, माफ करा." खरं सांगते, मला ते आवडलं नाही. मला त्याच्याशी भांडायचं होतं, आणि तो चांगला निघाला. तो पडद्याकडे बघत राहिला, त्याला मनापासून त्यात रस वाटत होता. "डाव पुढे चालवा ना मॅडम," तो म्हणाला. "इंजिन चालूच राहू दे."

मी एक चाल पुढे गेले. चाचांची चाल. हत्ती. आणि हत्तीवर लाल खूण उमटली. ती खूण मूळच्या कोडमध्ये होती, मी फक्त काढली नव्हती. बाजूला बाणाने दाखवलं होतं, उंट एक घर मागे.

"अरे, म्हणजे ब्लंडर चाचांचा!" पहिल्या रांगेतला कोणीतरी ओरडला.

मांडव हसला. तसाच. त्याच माणसाने शेजाऱ्यापुढे टाळीसाठी हात केला. चाचा पडद्याकडे बघत होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं. मी स्टेजवर माऊस धरून उभी होते, आणि एक वर्षभर जे मी त्या इंजिनिअरला मनातल्या मनात बोलले होते त्यातला शब्दन् शब्द आता मला लागू पडत होता. मी खूण बंद करायला गेले, तर घाईत ती मोठी झाली.

तेव्हा बाबा उभे राहिले. गुडघे दुखतात म्हणणारा माणूस एका झटक्यात उभा राहिला, आणि मी त्यांचा इतका मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

"हसू नका!" ते म्हणाले. "त्याला दिसला होता तो उंट. पुरा दिसला होता. दुसऱ्या दिवशी कुवेतला निघालेला, मी दोरा बांधून बसलेला, म्हणून त्यानं हत्ती हलवला. मला त्याच वक्ती कळलं. इतकी वर्सं मी प्यादेमात केली म्हणून मिरवलो. ती माझी नाय. त्यानं दिली."

चाचांनी मान वर करून बाबांकडे बघितलं. बाबा खाली बसले आणि चाचांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला, आता चाचांसाठी. आताच्या ग्रंथपालबाई डोळे पुसत होत्या. इंजिनिअरसुद्धा.

मी लॅपटॉप बंद केला. मला कोणावर चिडावं तेच समजेना, म्हणून मी बाबांवर चिडले. रिक्षात बसल्यावर मी सुरू झाले. इतके महिने मी कॉलेज, घर, कारखाना सांभाळून हे केलं, कोणासाठी केलं? तुम्हाला हे माहीत होतं तर आधी का नाही बोललात? मला का नाही थांबवलंत? मागच्या वर्षी भर मांडवात तुमचं हसं झालं, तेव्हा तोंडातून चार शब्द निघाले नाहीत, आणि आज उभं राहून स्वतःची मात स्वतः देऊन टाकलीत?

बाबा बाहेर बघत होते. कुंडलिका नदीच्या पुलापाशी गर्दी होती, रिक्षा थांबली.

मग मी आवाज जरा खाली आणून विचारलं, "खरंच दिसला होता त्यांना उंट?"

"नाय गो," बाबा म्हणाले. "कुठला दिसतोय. त्याला डावीकडचा उंट कधीच दिसायचा नाय. शाळेत असल्यापासून. त्याच पायी रोज हरायचा."

"म्हणजे मात तुमचीच होती."

"व्हय."

"मग तुम्ही का—"

"मी जिंकलो ता मला माहीत हाय. तो हरला ता त्याला माहीत हाय. बाकीच्यांना कशाला पायजे?"

मला त्याचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघं पडवीत होते. त्यानंतर रोज. मला ग्रंथपालबाई फोनवर सांगायच्या, की दोघं पटापेक्षा एकमेकांवर जास्त ओरडतात. बाजारात आता कोणी वजीर की प्यादं विचारत नाही. विचारतात ते चाचांना, मोठ्या आदराने, की तो उंट कसा काय सोडला हो? चाचा म्हणतात, "जाऊ द्या, जुनी गोष्ट." इंजिनिअरने माझं इंजिन मागून घेतलं, त्यात काय काय सुधारलं आणि परत पाठवलं. ते आता माझ्यापेक्षा, बाबांपेक्षाही चांगला दोरा बांधतं.

गेल्या पावसाळ्यात चाचा गेले. बाबा दफनाला नदीपलीकडे चालत गेले आणि चालत आले. त्यानंतर पहिल्या रविवारी मी रोह्याला पोचले, तर तयार होऊन बसले होते. म्हणाले, वाचनालयात चल. तिथे त्यांनी ती जुनी वही मागितली आणि तो डाव काढला. मातेच्या चालीखाली अर्धी ओळ मोकळी होती. त्या जागेवर माझा केव्हाचा डोळा होता. 'दोरा बांधलेला होता' एवढे तीन शब्द तिथे लाल शाईने लिहायचे, असं मी इंजिन लिहायला घेतलं तेव्हाच ठरवलं होतं.

बाबांनी माझ्याकडून पेन घेतलं. त्यांनी दोऱ्याचं लिहिलं, आणि पुढे लिहिलं, की समोरच्याला उंटाची चाल दिसत होती, त्याने दोस्तीखातर सोडली. खाली चाचांचं पूर्ण नाव. आमच्या त्या वहीत खोटं काही नाही असं सगळे म्हणतात. मी म्हटलं, "बाबा, हे कायमचं राहील." ते म्हणाले, "व्हय, म्हणूनच." ते लिहीत होते तोवर वही हलू नये म्हणून मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती.